कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या मानसिक उपचारांत आई-वडिलांनी साथ कशी द्यावी: पहिल्या शंकेपासून पुढच्या सत्रापर्यंत

घरापासून लांब शिकणाऱ्या मुलीचं किंवा मुलाचं मन ठीक नाही हे लक्षात आलं, की सुरुवातीला आई-वडिलांना काही सुचत नाही. कुणाला गाठायचं, डॉक्टर आपल्याशी बोलतील का, कॉलेजला सांगायचं की नाही, गोळ्या सुरू झाल्या तर किती दिवस चालणार, प्रश्नांची रांग लागते. आमच्या मुलीच्या उपचारांत आम्ही या सगळ्यातून गेलो. तेव्हा हे कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं असं फार वाटायचं, म्हणून तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. आमची मुलगी, म्हणून लेखात ‘ती’ आहे. मुलगा असला तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सज्ञान मुलीचे उपचार तिचे असतात. डॉक्टरांशी नातं तिचं, निर्णय तिचे, गोळी घ्यायची तिने. आपल्या हातात असते ती भोवतीची व्यवस्था: पैसे, कागद, प्रवास, घराण्याची माहिती, वेळ, आणि केव्हाही उचलला जाणारा फोन. ही व्यवस्था चोख असली की तिला उपचारांत टिकून राहणं सोपं जातं. आपण उपचारच हातात घेतले, तर बहुतेक मुलं आपल्यापासून लपवायला लागतात.

जवळ काय काय हवं

- तिचं ओळखपत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र
- आरोग्य विमा असेल तर त्याची प्रत. मानसिक आजार, दवाखान्यातली साधी तपासणी आणि समुपदेशन त्यात बसतं का, हे आधीच विचारून घ्या. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात
- जुने रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, डोससकट. मुरुमांच्या, थायरॉइडच्या आणि गर्भनिरोधक गोळ्याही त्यात धरा
- घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का, याची खरी माहिती
- संमतिपत्र (पायरी ६ मध्ये सविस्तर)
- रूममेट, वॉर्डन आणि एका जवळच्या मैत्रिणीचा नंबर, तिने स्वतः दिलेला
- आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी
- तारखा लिहायला एक वही

पायरी १: बदल टिपा, निदान डॉक्टरांवर सोडा

परीक्षेची धास्ती, प्रेमभंगानंतरचं रडणं, नव्या जागी न रुळणं, यातलं सगळंच आजार नसतं. बघायच्या दोन गोष्टी: हे किती दिवस टिकलं आणि रोजचं काय काय बंद पडलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी किंवा भीती टिकली आणि झोप, जेवण, अभ्यास, अंघोळ यांवर परिणाम दिसू लागला, तर तज्ज्ञांना दाखवायची वेळ झाली.

मूल लांब असलं तरी फोनवरून बरंच कळतं. मेसेजची उत्तरं पहाटे तीन-चारला येऊ लागतात. व्हिडिओ कॉल टाळला जातो. आधी मैत्रिणींची नावं बोलण्यात यायची, आता ‘सगळे’ आणि ‘कुणी नाही’ एवढंच उरतं. सबमिशनचा विषय काढला की फोन ठेवला जातो. वहीत तारखेसह एकेक ओळ लिहा, पुढे डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

पीएचक्यू-९ ही नैराश्याचा अंदाज घेणारी नऊ प्रश्नांची चाचणी इंटरनेटवर सहज मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न असतात, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटावं, आणि मरणाच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही असेल तर एकूण गुण कितीही असोत, लगेच. चाचणी तिने स्वतःहून भरली तरच अर्थ आहे. निदान तीवरून होत नाही.

काही खुणांसाठी दोन आठवडेही थांबू नका: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री, किंवा अनेक रात्री जेमतेम झोप होऊनही अंगात प्रचंड उत्साह, सुसाट बोलणं, उधळपट्टी. अशा आजारांत उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं बरं.

‘आमच्या संस्कारांत कुठे कमी पडलं?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात असं दिसलं, की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. कॉलेजचं वय नेमकं त्यातच येतं.

पायरी २: पहिलं बोलणं

जे दिसलं तेवढंच सांगा आणि गप्प राहा. “गेल्या काही रविवारी तू फोन लवकर ठेवलास, आणि झोप लागत नाही म्हणालीस. मला काळजी वाटते. कसं चाललंय?” यापुढे आपण बोलायचं नाही. तिकडून शांतता आली तरी ती भरून काढायची नाही. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा चालताना किंवा गाडीत शेजारी बसून मुलं जास्त बोलतात.

“तुला कमी काय आहे?”, “एवढं मनावर नको घेऊ”, “आम्ही किती सोसलं आणि कधी बोललो नाही”, “जरा व्यायाम कर, बरं वाटेल”. यांतलं काहीही म्हटलं की दार बंद होतं. व्यायामाने खरोखर फायदा होतो, पण अंथरुणातून उठवत नाही त्या माणसाला तो सल्ला टोमण्यासारखा लागतो.

डॉक्टरांकडे जायला ती ‘नाही’ म्हणाली तर मागणी लहान करा: “एकदा भेटून बघ. नाही पटलं तर दुसरं कुणी शोधू. अपॉइंटमेंट तू घेतेस की मी घेऊ?” तरीही नकार आला आणि जिवाला धोका दिसत नसेल, तर विषय तिथेच सोडा आणि आठवडाभराने पुन्हा काढा. रोज उगाळू नका.

पायरी ३: जिवाचा प्रश्न सरळ विचारा

ही पायरी वगळू नका. आडून आडून विचारायचं नाही, शब्द स्पष्ट हवेत: “तुला जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना येते ही भीती सर्रास असते, पण अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने बऱ्याच जणांना हायसं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं तर रडारड, शपथा, “आमचं काय होईल याचा विचार केलास का” हे सगळं गिळून टाका. “बरं झालं सांगितलंस” म्हणा. मग विचारा: हे विचार किती वेळा येतात? कसं करायचं हे ठरवलं आहे का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? नुसते विचार असतील तर एक-दोन दिवसांत तज्ज्ञांची भेट ठरवा. ठरवलेला मार्ग, जवळ असलेली साधनं किंवा ठरवलेली वेळ यांपैकी काहीही असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच वेळी जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं. ती लांब असेल तर एकाने तिच्याशी फोनवर बोलत राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या फोनवरून वॉर्डन, रूममेट किंवा तिथल्या आपत्कालीन सेवेला कळवायचं आणि निघायची तयारी करायची. ती राहते त्या ठिकाणचे आपत्कालीन आणि आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनचे क्रमांक आजच फोनमध्ये भरून ठेवा.

“कुणाला सांगू नकोस, शपथ घे” असं ती म्हणेल. तसं वचन देऊ नका. “सगळ्यांना सांगत फिरणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन” हे खरं उत्तर आहे.

अशा काळात घरातला औषधांचा साठा कुलपात ठेवावा, गोळ्या आठवड्यापुरत्याच जवळ द्याव्यात, इजा करण्यासारख्या इतर वस्तूही हाताशी ठेवू नयेत. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकून ओसरते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसल्याने जीव वाचतात.

तज्ज्ञांना ‘सेफ्टी प्लॅन’बद्दल विचारा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला हा एका पानाचा आराखडा आहे: धोक्याच्या माझ्या खुणा, एकटी असताना मी काय करू शकते, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे क्रमांक, आणि भोवतालची जागा सुरक्षित कशी ठेवायची. तो तिने तिच्या शब्दांत भरायचा असतो. आपलं नाव त्यात कुठे आहे ते पाहून घ्यावं, आणि नसलं तर मनाला लावून घेऊ नये. मध्यरात्री मैत्रिणीला फोन करणं तिला सोपं जात असेल, तर मैत्रीणच बरी.

पायरी ४: कुणाकडे जायचं

कॉलेजचा समुपदेशक जवळ असतो, पण भेटींची संख्या मर्यादित असू शकते आणि सुट्टीत केंद्र बंद राहू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी (बोलण्यातून केलेले उपचार) आणि मानसिक चाचण्या करतात. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषधं ते देतात. झोप-भूक पार बिघडली असेल, जिवाचे विचार असतील किंवा पायरी १ मधल्या तातडीच्या खुणा असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. एरवी समुपदेशक किंवा नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा. यांतल्या बिघाडानेही थकवा आणि उदासी येते.

थेरपिस्ट निवडताना शिक्षण, नोंदणी, या वयोगटाचा अनुभव आणि तातडीच्या वेळी कुणाला गाठायचं, एवढं विचाराच. ‘हमखास बरं करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या, आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीच्या उपचारांत साधारण १२ ते २० बैठका लागतात आणि मध्ये घरी करायचा अभ्यासही असतो. दोन बैठकांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. मात्र तीन-चार भेटींनंतरही तिला त्या व्यक्तीशी मोकळं बोलता येत नसेल, तर बदलायला हरकत नाही.

पायरी ५: पहिल्या भेटीसाठी एक पान

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही, आणि थकलेल्या मुलीला तर काहीच सांगवत नाही. म्हणून एक पान तयार ठेवा. नमुना असा:

झोप: दोन महिन्यांपासून पहाटे तीननंतर. जेवण: रात्रीचं बहुतेक टाळते. वर्ग: सकाळचे बुडतात, प्रॅक्टिकलला जाते. आधी असं झालं होतं का: शाळेच्या शेवटच्या वर्षी, काही आठवडे. घराण्यात: आजीला नैराश्य, मामाला बायपोलर. चालू औषधं: मुरुमांची गोळी. दारू, सिगारेट, गांजा: तिने स्वतः सांगायचं.

मामाची ओळ लाजेखातर गाळू नका. घराण्यात बायपोलर (कधी नैराश्य, कधी बेफाम उत्साह म्हणजे उन्माद, असा आजार) असेल तर डॉक्टर औषध वेगळ्या विचाराने निवडतात, कारण काहींच्या बाबतीत नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने उन्माद उसळू शकतो. पान आधी तिला वाचायला द्या, नको ते तिला खोडू द्या. आत तिला एकटीला जाऊ द्या. ती हो म्हणाली तर शेवटच्या दहा मिनिटांत आपण जावं.

पायरी ६: गुप्तता आणि संमतिपत्र

सज्ञान रुग्णाची माहिती डॉक्टर पालकांना तिच्या संमतीशिवाय सहसा देत नाहीत. फी आपण भरतो म्हणून हे बदलत नाही. जिवाला गंभीर धोका असेल तेव्हा मात्र ते आवश्यक तेवढं सांगू शकतात.

उपाय म्हणजे मर्यादित संमतिपत्र, आणि ते ती बरी असताना करून घ्यायचं. नेमकं काय कळवायचं हे त्यात लिहा: ती भेटींना येते का, औषध बदललं का, धोका वाटतो का. थेरपीत काय बोलणं झालं हे त्यात नको. तारीख आणि मुदत घाला, आणि ते केव्हाही मागे घेता येईल असंही लिहा. ही मोकळीक दिसली की मुलं सही करायला तयार होतात. एक प्रत दवाखान्यात, एक तिच्याकडे, एक आपल्याकडे.

फार जणांना माहीत नसतं, की डॉक्टर आपल्याला सांगू शकत नसले तरी आपण त्यांना सांगू शकतो. “मला उत्तर नको, एवढं त्यांच्यापर्यंत पोचवा: गेले तीन दिवस ती झोपलेली नाही.” डॉक्टर हे तिला सांगण्याची शक्यता असते, म्हणून आपण कळवलं आहे हे तिला आपणच सांगितलेलं बरं.

पायरी ७: औषधं

सर्वांत जास्त घोळ इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम यांसारख्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि फायदा नंतर. मळमळ, डोकेदुखी, झोपेतला बदल पहिल्या एक-दोन आठवड्यांत. बरं वाटायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा-आठही लागतात. “आठवडा झाला, काही उपयोग नाही” म्हणून गोळ्या बंद पडतात त्या याच अंतरात. सुरुवातीला तिला रोज एक छोटा मेसेज करा, गोळीचा उल्लेख न करता.

हे पहिले आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस लक्ष ठेवण्याचे असतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी नैराश्यविरोधी औषधांवर आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो १८ ते २४ वयोगटापर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध टाळावं असा नाही. उपचार न केलेलं नैराश्य स्वतःच धोकादायक आहे. अचानक अस्वस्थता, चिडचीड, एका जागी न बसवणं, झोप उडणं किंवा मरणाचे विचार वाढणं, यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

बरं वाटलं की गोळी थांबवणं हा सर्वांत नेहमीचा सापळा. पहिल्या वेळच्या नैराश्यात पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. परीक्षेच्या तोंडावर डोस बदलायची वेळ येऊ नये, म्हणून वेळापत्रक डॉक्टरांना आधी दाखवा.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या, भीती-अस्वस्थता कमी करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते. त्या किती दिवसांसाठी आहेत हे पहिल्याच दिवशी विचारा. दारूबरोबर त्या श्वासावर परिणाम करतात. हे तिला एकदा, उपदेश न करता सांगा. मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधांपैकी लिथियम असेल तर रक्ताची तपासणी नियमित लागते, आणि जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक घेतली तर रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. व्हॅल्प्रोएट तरुण मुलीला सुचवलं तर गर्भधारणेतल्या धोक्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे. लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. काही औषधांनी लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, आणि मुलं त्यामुळेच गुपचूप गोळ्या सोडतात. हे ती आपल्याला सांगणार नाही. म्हणूनच प्रत्येक भेटीत तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायला वेळ मिळायला हवा. गोळ्या मोजत बसू नका, “डबी भरायला मदत हवी का?” एवढं पुरतं.

पायरी ८: कॉलेज

इथे तारखा महत्त्वाच्या. हजेरीची सूट, परीक्षेला जादा वेळ, सबमिशनची मुदतवाढ, सत्रातून रजा, यांचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात, पण अर्ज वेळेत आणि लेखी करावा लागतो हे जवळपास सगळीकडे सारखं. नापास झाल्यावर नेलेलं प्रमाणपत्र सहसा उपयोगी पडत नाही. डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव न घालता ‘वैद्यकीय उपचार चालू असून अमुक काळ अमुक सवलत आवश्यक’ एवढं चालतं का, ते विचारा. अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने. मजकूर लिहायला आपण मदत करावी. पोच घेतल्याशिवाय निघू नये.

रजा घ्यायची वेळ आली तर सही करण्याआधी तीन प्रश्न: फी आणि शिष्यवृत्तीचं काय होतं, हॉस्टेलची खोली राहते का, आणि परत येताना कोणतं पत्र लागतं.

पायरी ९: रोजची साथ

फोनचा ठरावीक दिवस आणि वेळ तिनेच ठरवावी. दर फोनला ‘कशी आहेस?’ हाच प्रश्न आला, की मुलीला आपण फक्त रुग्ण आहोत असं वाटू लागतं. घरातलं, सिनेमातलं, काहीही बोला. थेरपीहून आल्यावर “आज काय बोललात?” विचारू नका. उपचारांचा खर्च वेगळा काढून ठेवा आणि तो मार्कांशी कधीही जोडू नका.

नातेवाइकांना काय सांगायचं, ते एक वाक्य तिच्याशी बोलून ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगा. आई-वडिलांचं आपसांत पटत नसेल, एक गोळ्यांच्या बाजूने आणि दुसरा विरोधात, तर तो वाद तिच्यासमोर नको. दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. स्वतःची झोप उडाली असेल तर आपणही समुपदेशकाकडे जावं. मुलगी ते बघते, आणि मदत घेण्यात कमीपणा नाही हे तिला न सांगता कळतं.

पायरी १०: सत्र बदलताना

सुट्टी, इंटर्नशिप, गाव बदलणं, या काळात उपचार तुटतात. निघण्याआधी दोन आठवड्यांचं औषध जास्त लिहून घ्या (जिवाचे विचार असतील तर साठ्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला). निदान, औषधं आणि आतापर्यंतचा प्रतिसाद लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र बरोबर हवं. नव्या ठिकाणची पहिली भेट जायच्या आधीच ठरवा, कारण तारीख मिळायला आठवडे लागू शकतात. जुने थेरपिस्ट तोवर ऑनलाइन भेटतील का, तेही विचारा.

मग तिच्याबरोबर बसून एका कागदावर तीन रकाने करा: त्रास पुन्हा सुरू होतो तेव्हा आधी काय दिसतं, त्या वेळी ती काय करेल, आणि आई-वडिलांनी काय करावं असं तिला वाटतं. तिसऱ्या रकान्यात आमच्या मुलीने लिहिलं: “दोन दिवस फोन उचलला नाही तर आधी रूममेटला विचारा, लगेच गाडीत बसू नका.” तसंच ठरलं. हा कागद दर सत्राच्या सुरुवातीला काढून बघा. तोवर रूममेट बदललेली असते, डॉक्टरांचा नंबर बदललेला असतो, कधी औषधही.